अर्जाला लागलेलं कुंकू

सातवीच्या फायनलला मी पहिल्यांदा बसले, तेव्हा बाकीच्या सगळ्या विषयांत पास झाले आणि इतिहासात गेले. गणितात गेले असते तर कोणी काही बोललं नसतं. इतिहासाचं मात्र आमच्या मजल्यावरच्या बायकांना फार नवल वाटलं. "अगं, त्यात काय, गोष्टीच तर सांगायच्या असतात!" असं एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "हिला एरवी बोलायला सांगा, दिवस पुरायचा नाही." मी त्यांच्याबरोबर हसले, घरात आले, दार लोटलं आणि रडले.

गोष्टी मला सांगता येत होत्या. कोणती आधी आणि कोणती मागाहून, ते सांगता येत नव्हतं. सनावळ्या मी भांडी घासताना म्हणायचे, तांदूळ निवडताना म्हणायचे. पण पेपर हातात पडला की राजे, पेशवे, गव्हर्नर सगळे एकाच ओटीवर येऊन बसायचे. त्या वर्षी मी वसईची मोहीम सत्तावन्नच्या बंडाच्या नंतर नेऊन ठेवली होती. हे मला मागाहून कळलं आणि शरमेनं अंगावर काटा आला. बिचारा तपासनीस घरी जाऊन बायकोला सांगून हसला असेल, असंही मनात आलं.

शाळा माझी चौथीतच सुटलेली. आमचं गाव वेंगुर्ल्याच्या बाजूला, खाडीच्या अलीकडे, आणि पाचवीची शाळा पलीकडे. मुलगे तरीतून, होडीनं, जात. मुलीला रोज तरीत कोण बसवून देणार, असं वडील म्हणाले आणि तो विषय तिथेच मिटला. लग्न होऊन पार्ल्याला आले तेव्हा मला लिहिता-वाचता येत होतं, पण धीर नव्हता. रस्त्यात कोणी पत्ता विचारला तरी आधी छातीत धस्स व्हायचं, मग उत्तर सुचायचं, तोवर तो माणूस पुढे गेलेला असायचा. माहेर लांब. बोटीनं जायचं म्हणजे सुट्टी, सोबत, सगळं जुळून यायला हवं. इथे माझं असं कोणी नव्हतं, हे सोडून.

हे अंधेरीला रंगाच्या कारखान्यात होते. कोरडा रंग कुटून चाळायच्या खात्यात. घरी येत तेव्हा कधी पापण्या निळ्या, कधी कानाच्या पाळ्या तांबड्या. मला सुरुवातीला गंमत वाटायची. मग खोकला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, या खात्यात फार दिवस काढू नका. यांनी ते हसण्यावारी नेलं.

"खाता सोडूचा, नि मगे खावचा काय?" असं म्हणायचे आणि खोकायचे.

म्हणून मी फायनलच्या मागे लागले होते. सातवी पास झालेल्या बाईला शिक्षिकांच्या ट्रेनिंगला घेत. तिथे थोडंफार विद्यावेतन मिळे आणि पुढे शाळेत नोकरी. पण ट्रेनिंगला वयाची अट होती, आणि पुढच्या वर्षी मी त्या अटीच्या बाहेर जाणार होते. म्हणजे मला ही एकच खेप उरली होती. हे गणित मी रोज मनात मांडायचे आणि रोज तेच उत्तर यायचं.

पार्ल्यातल्या काही बायकांनी मिळून आमच्यासारख्यांसाठी दुपारचा वर्ग चालवला होता. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, घरची पुरुषमाणसं कामावर आणि मुलं शाळेत गेल्यावरच्या वेळात. शिकवणाऱ्या सगळ्या फुकट शिकवत. आज मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, या बायकांना दुपारी आडवं व्हायला काय झालं होतं? त्यांनाही घर होतं, सासू होती, दळण होतं. तरी यायच्या.

त्या वर्षी इतिहासाला नव्या बाई आल्या. सकाळी हायस्कुलात शिकवून दुपारी आमच्याकडे येत. उंच, किडकिडीत, बोलता बोलता चष्मा काढून पदरानं पुसायची सवय. त्यांनी मला विचारलं, "तूच ना गं ती, इतिहासात गेलेली?" मी मान खाली घातली. "मान वर कर. मला तूच हवी होतीस. ज्यांना पाठ होतं त्यांना शिकवण्यात काही मजा नसते."

पहिल्याच दिवशी त्यांनी सनावळ्यांची वही मिटायला लावली आणि आम्हाला एकेक कागद वाटला. पेन्सिलीनं लिहिलेला, कार्बनखाली काढलेला, अक्षरं पुसट. कुठल्या तरी गावच्या पाटलानं वर तक्रार केली होती, की फौजेचा तळ पडलाय आणि शिपाई आमचं गवत न विचारता कापून नेतात, तर आमच्या गुरांनी काय खावं.

"हे खरंच लिहिलं होतं कोणी?" मी विचारलं.

"खरंच. मोडीत होतं, मी बाळबोधीत उतरवून आणलं."

"कुठून?"

मग त्यांनी दफ्तरखान्याचं सांगितलं. फोर्टात सरकारी दफ्तरखाना आहे, जुन्या राजवटींचे कागद तिथे राखून ठेवलेत, आणि परवानगी घेऊन कोणालाही ते पाहता येतात. बाई शनिवारी दुपारी तिथे जात. तिथे शाई न्यायला बंदी, म्हणून पेन्सिल. फळ्यावर त्यांनी तीन प्रश्न लिहिले: हे कोणी लिहिलं? त्याला काय हवं होतं? त्यानं काय सांगायचं टाळलं?

तिसऱ्या प्रश्नाला वर्गातून लगेच उत्तर आलं. "पाटलानं स्वतः किती गवत विकलं ते टाळलंन!"

हा आवाज मावशींचा. वर्गातली सगळ्यात मोठी विद्यार्थिनी म्हणजे मावशी. घरात सून आलेली, नातू शाळेत जाणारा. वाकोल्यातच जन्मलेल्या, वाकोल्यातच दिलेल्या. त्यांचे वडील झाडावर चढून ताडी काढायचे. एकदा नातवानं पाटीवरचं वाचून दाखव म्हटलं आणि यांना येईना म्हणून तो हसला. झालं. त्या दिवसापासून हट्टानं गिरवायला बसल्या त्या सातवीपर्यंत येऊन पोचल्या. रोज वाकोल्याहून पार्ल्याला चालत यायच्या. भीती हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. माझ्या शेजारी बसत आणि मी घाबरले की कोपरानं ढोसत.

बाई मावशींवर खूश झाल्या. "बरोबर. पाटील नेहमी खरंच बोलतो असं नाही. कागदालासुद्धा उलटतपासणी करायची असते."

मला तोवर वाटायचं, इतिहासाचं पुस्तक जसंच्या तसं कुठून तरी छापून येतं. ते कोणीतरी असे कागद वाचून, माणसांचं खरं-खोटं पारखून लिहिलेलं असतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना मी बाजारात भाजीवाल्याकडे बघून मनात तिसरा प्रश्न विचारला.

चैत्रात बाईंनी आम्हा सगळ्यांना दफ्तरखान्यात न्यायची परवानगी काढली. आदल्या दिवसापासून मी ट्रंक उघडून बसले होते. सरकारी इमारत, आपण काय नेसायचं, कोणी इंग्रजीत विचारलं तर काय सांगायचं? हे म्हणाले, "सांग, माका चष्मेवाल्या बायनी हाडल्यानी." मी म्हटलं, "बाईंनी आणलं म्हणून सांगू? तुम्हाला थट्टा सुचतेय."

आत गेलो तो काय, उंचच उंच खोली, लोखंडी मांडण्या, आणि प्रत्येक फळीवर कापडात बांधलेली गाठोडी. त्यांना तिथे रुमाल म्हणत. एकेका रुमालात शेकडो कागद. वाळलेल्या कडुनिंबाचा आणि डांबरगोळ्यांचा वास. तिथले साहेब ठेंगणे, काळा कोट, आवाज इतका हळू की कान द्यावा लागे. त्यांनी आम्हाला आधी हात धुवायला लावले. मग सांगितलं: पेन्सिलच वापरा, कोपर टेकू नका, बोट ओलं करून पान उलटू नका. शेवटचं ऐकून सगळ्याजणी मावशींकडे बघून खुसखुसल्या, कारण मावशी जिभेला बोट लावल्याशिवाय वहीचं पान उलटत नसत.

मी दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून बसले. आपला हात लागला आणि काही फाटलं तर!

साहेबांनी रुमालाची गाठ सोडली. बाळोतं सोडावं तशी, चारी बाजूंनी अलगद. आतून एक जाड, तपकिरी पडलेला कागद काढून आमच्यापुढे ठेवला. बाईंनी आमच्यासाठी मुद्दाम साष्टीतला, म्हणजे या आपल्याच मुलखातला, कागद शोधून ठेवला होता. मोडीची ती अक्षरं मला एका दमात काढलेल्या रांगोळीसारखी दिसली. बाई वाचू लागल्या आणि पहिल्याच ओळींशी थांबून म्हणाल्या, "मावशी, ऐका. ही वाकोल्याची बाई आहे. कंपनी सरकारकडे अर्ज करतेय, तिच्या ताडाच्या झाडांबद्दल."

मावशींचा चेहराच बदलला. "आमच्या वाकोल्याची? नि ताडाची झाडं?"

"हो."

पुढे एक शब्द पुसट होता. साहेब भिंग आणायला आत गेले. बाई तोवर लागत होतं तेवढं पेन्सिलीनं उतरवून घेत होत्या. आम्ही बाकीच्या माना वर करून मांडण्या बघत होतो. मावशी सकाळीच पार्ल्यात कोणाकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जाऊन आल्या होत्या आणि करंडा त्यांच्या पिशवीत होता. त्यांनी तो काढला, त्या अर्जाच्या वरच्या कोपऱ्याला हळद लावली, कुंकू लावलं, चार अक्षता वाहिल्या आणि हात जोडले.

भिंग घेऊन आलेले साहेब तिथेच थबकले. "हे काय केलंत?"

"आमच्या गावची आहे ती," मावशी म्हणाल्या. त्यांना अजून काही कळलं नव्हतं. "एवढ्या लांब येऊन बसलीय बिचारी. कोण विचारतं तिला?"

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मऊ ब्रशनं अक्षता बाजूला केल्या, कुंकवावर हलकेच ब्रश फिरवला. बरंचसं झडलं, बाकीचं कागदात उतरलं होतं. त्यांनी रुमाल बांधला आणि बाईंना म्हणाले, "आज इथेच थांबू या."

चारसहा दिवसांतच बाईंना पत्र आलं. वर्गाला दिलेली परवानगी तूर्त स्थगित. परवानगी बाईंच्याच नावावर असल्यामुळे त्यांचं शनिवारचं जाणंही बंद झालं.

पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात कोणी कोणाकडे बघेना. बाईंनी मात्र पिशवीतून तो अर्धा उतरवलेला कागद काढला आणि काही न झाल्यासारखा वाचायला घेतला. त्या बाईनं लिहिलं होतं, की ही झाडं माझ्या सासऱ्यानं लावली, तेव्हा इथे फिरंग्यांचा, म्हणजे पोर्तुगिजांचा, अंमल होता. पुढे मराठ्यांचा सुभेदार आला, तेव्हा झाडं माझा नवरा राखत होता आणि पट्टी भरत होता. आता कंपनी सरकार आलं, नवरा वारला, आणि सरकारच्या माणसानं झाडं मोजताना ती माझ्या दिरांच्या नावावर मोजली.

मी बाईंना म्हटलं, "परत वाचा."

त्यांनी परत वाचलं.

सासरा, नवरा आणि ती. फिरंगी, मराठे आणि इंग्रज. माझ्या डोक्यात इतकी वर्षं एका ओटीवर दाटी करून बसलेली ती सगळी मंडळी उठली आणि आपापल्या जागी जाऊन उभी राहिली. सासऱ्याच्या आधी नवरा कसा येईल? येऊच शकत नाही. वसई आधी, कंपनी मागाहून, आणि बंड तर त्या बाईच्या नातवंडांच्याही पुढचं. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

"आलं का गं ध्यानात?" बाईंनी विचारलं. मी नुसती मान हलवली.

तेवढ्यात मावशी उठून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "बाई, म्हणजे ती विधवा होती?"

"हो, मावशी."

"आणि मी तिच्या कागदाला कुंकू लावलं?"

आमच्यात तिघी-चौघी विधवा होत्या, त्यांनी पदर सारखा केला. मावशींनी ते पाहिलं. मग म्हणाल्या, "लावलं तर लावलं. जिवंतपणी दिरांनी काही लावू दिलं नसेल तिला. पण कागद खराब केला ना, ते वाईट केलं. नि तुमची सगळ्यांची वाट लावली, ते त्याहून वाईट."

उतरवलेला मजकूर तिथेच संपत होता. तिनं पुढे काय मागितलं ते रुमालात राहिलं होतं. बाईंनी पुस्तकावरून शिकवायला घेतलं आणि मन लावून शिकवलं, पण माझी माणसं पुन्हा जागा सोडू लागली. फिरंगी-मराठे-इंग्रज एवढं जमलं, त्याच्या पुढचं परत घोळात. मला दुसऱ्या रुमालातली माणसं हवी होती, पाठांतर टांगायला खुंट्या हव्या होत्या. परीक्षा जवळ आली होती. घरी यांचा खोकला आता जेवतानाही यायचा.

एक दिवस वर्ग सुटल्यावर मावशी म्हणाल्या, "चल गं पोरी. साहेबांकडे जाऊ."

"मी? मी काय बोलणार?"

"बोलणार मी. तू नुसती बाजूला उभी राहा. मला चर्चगेटहून रस्ता आठवत नाही."

बाईंना न सांगता आम्ही गेलो. साहेब टेबलाशी एक फाटका कागद दुरुस्त करत होते. जाळीसारखं झिरझिरीत रेशमी कापड, पातळ खळ, आणि ते कापड कागदावर असं बसवायचे की अक्षर झाकलं जात नव्हतं. आम्हाला पाहून ओळखलं. मावशींनी नमस्कार केला.

"साहेब, चूक माझी एकटीची. या पोरींचं शिक्षण बंद करू नका. हवं तर मला आत घेऊ नका, मी बाहेर पायरीवर बसेन."

साहेबांनी हात पुसले, खुर्च्या दिल्या. मग एका खोक्यातून एक कागद काढून दाखवला. मधोमध चाळणी झालेली. "बघा. याच्यात कधीतरी कोणी धान्याचे दाणे राहू दिले असतील. आधी किडे आले, मग उंदीर. आता यातलं कोणालाही, कधीही वाचता येणार नाही. तुम्ही अक्षता वाहिल्यात ना, म्हणून मी इतका घाबरलो."

"अगंबाई," मावशी म्हणाल्या. "मी तर तिला जेवायलाच बोलावलं, उंदरांच्या पंगतीला!"

साहेब हसले. मला इतकं हलकं वाटलं. म्हणाले, "आजी, अर्धी चूक माझी आहे. बोट ओलं करू नका हे मी सांगितलं. हळदकुंकू वाहू नका हे सांगितलं नाही. इतकी वर्षं इथे मोठमोठे विद्वान येतात, पण कागदाला कुंकू लावलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. माझ्या ध्यानातच आलं नाही, की कोणाला या कागदात आपलं माणूस दिसेल." त्यांनी वरिष्ठांना तसंच लिहून कळवलं होतं, की दोष सूचनेचा आहे, वर्गाचा नव्हे. उत्तर आम्ही गेलो त्याच दिवशी आलं होतं. परवानगी पुन्हा मिळाली होती आणि बाईंना पत्र निघणार होतं.

मला तिथल्या तिथे त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण टेबलावर कागद होते आणि माझा धक्का लागला असता.

निघताना त्यांनी आम्हाला दाराजवळची नियमांची पाटी दाखवली. छापील नियमांच्या खाली हातानं एक नवी ओळ लिहिली होती: कागदपत्रांस हळदकुंकू, अक्षता, फुले वाहू नयेत. मावशींनी ती एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचली. मग माझ्याकडे वळल्या.

"बघितलंस? माझ्यामुळे सरकारनं नियम केला!"

पार्ल्याला उतरून त्या वाकोल्याच्या दिशेनं वळेपर्यंत हेच चाललं होतं.

पुढच्या शनिवारी आम्ही सगळ्या पुन्हा गेलो. अर्जाच्या कोपऱ्यात फिकट लाल डाग राहिलाच होता. साहेबांनी त्या कागदाबरोबर एक चिठ्ठी जोडून ठेवली होती, की हा डाग हळदीकुंकवाचा आहे, तो मूळ अर्जाचा भाग नाही, वाकोल्याच्या एका विद्यार्थिनीनं आदरानं लावलेला आहे. "नाहीतर पुढे कोणीतरी विद्वान यावर निबंध लिहील, की त्या काळी अर्जाला कुंकू लावायची पद्धत होती," असं ते म्हणाले आणि बाई इतक्या हसल्या की चष्मा खाली पडला.

उरलेला अर्ज बाईंनी वाचला. झाडं माझ्या नावावर लावून द्यावीत, एवढंच तिचं मागणं होतं. खाली दुसऱ्या हातानं लिहिलेला एक शेरा, की चौकशी व्हावी. संपलं.

"मग मिळाली का तिला झाडं?" आम्ही तिघी-चौघी एकदम बोललो.

"यात नाही," साहेब म्हणाले. "तुम्ही विचाराल हे माहीत होतं, म्हणून मी आजूबाजूचे रुमालही पाहिले. मला सापडलं नाही."

"म्हणजे मिळाली नाहीत," मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "असं म्हणता येत नाही. मिळाली असंही नाही, न मिळाली असंही नाही. माहीत नाही, एवढंच."

"परीक्षेत 'माहीत नाही' लिहिलं तर भोपळा देतील," मावशी म्हणाल्या.

"नुसतं लिहिलं तर देतील. कुठवर माहीत आहे ते आधी लिहायचं."

त्यानंतर परीक्षेपर्यंत बाईंनी आणखी पुष्कळ कागद आणले. कुठे विहिरीचं भांडण, कुठे मिठागराचा मक्ता, कुठे शाळा मागणारा गाव. साहेब त्यांच्यासाठी रुमाल आधीच काढून ठेवत, वर लिहून ठेवत की हा बायकांच्या वर्गासाठी बरा. प्रत्येक कागदाबरोबर एक माणूस यायचं आणि त्याच्या मागे त्याची राजवट यायची. मी माणसं लक्षात ठेवत गेले. ज्या साहेबांनी मला कधी नावानं हाक मारली नाही, त्यांनी फोर्टात बसून मला पार्ल्यात इतिहास शिकवला, असं मी आजही म्हणते.

पेपरात प्रश्न आला, की इंग्रजी अंमल आल्यावर खेड्यांतल्या लोकांच्या जीवनात काय फरक पडला. पुस्तकातले दोन मुद्दे मी लिहिले. तिसरा आठवेना. मग मी डोळे मिटले आणि वाकोल्याच्या बाईचं लिहायला घेतलं. सासरा, नवरा, ती, झाडांची मोजणी, दिरांची नावं. बायकांचं नाव मोजणीत कसं राहून जातं ते लिहिलं. अर्जावर चौकशीचा शेरा आहे, निकाल त्या कागदांत सापडत नाही, असंही लिहिलं. घंटा झाली तेव्हा हात थांबला.

बाहेर आल्यावर बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"खोटं काही लिहिलं नाहीस ना?"

"नाही."

"मग झालं. आता तपासणारा कसा आहे त्यावर."

हे 'त्यावर' माझ्या मानगुटीवर बसलं. निकाल लागेपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही. पुस्तकातलं सोडून हे काय भलतंच लिहिलं, असा लाल शेरा मला जागेपणी दिसायचा. हे म्हणायचे, "ती बाय कधीच मेली, तू कित्याक मरतंस?" मी म्हणायचे, "तिच्यामुळे नाही मरत, तुमच्या खोकल्यामुळे मरतेय."

निकाल अंधेरीच्या शाळेत लागला. फळ्याशी बायकांची गर्दी होती. मी मागेच उभी राहिले. मावशी गर्दीत घुसल्या, खालून वर वाचत गेल्या. त्यांचं वाचन अजून बोटाशिवाय होत नसे, आणि एवढ्या बायकांत फळ्यावर बोट टेकवून त्या एकेक नंबर लावत होत्या. मागच्या बायका ओरडत होत्या, "अहो आजी, आम्हालाही बघू द्या!" आणि मावशी म्हणत होत्या, "थांबा गं, जीव जातोय इथे एकीचा."

मग वळल्या. "आहेस."

"इतिहासात?"

"अगं, सगळ्यात पास झाल्याशिवाय फळ्यावर लावतात का? आहेस!"

"आणि तुम्ही?"

"मी गणितात उडाले असणार. पुढच्या वर्षी बसेन परत. माझं वय कोण विचारतंय!"

त्यांनी मला जवळ घेतलं तेव्हा त्यांच्या खांद्यावर मी हुंदके देऊन रडले आणि मला कोणाचीही लाज वाटली नाही. पार्ल्याला येऊन तशीच बाईंकडे गेले. त्या दळण आणायला निघाल्या होत्या. डबा खाली ठेवून त्यांनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाल्या, "तपासणारा बरा निघाला हो."

संध्याकाळी हे आले. त्या दिवशी पापण्या हिरव्या होत्या. मी सांगितलं, पास झाले. ते उंबऱ्यावरच बसले. किती तरी वेळ बूट काढेनात. इतके दिवस थट्टा करणारा हा माणूस मान खाली घालून बसला होता.

"अहो, काय झालं?"

"काय नाय," ते म्हणाले. "माका वाटलेला, तू ह्या खेपेकव गेलंस तर माका थयच मराचा लागतला."

त्या खात्यातच मरण येईल अशी त्यांनाही भीती वाटत होती हे मला तोवर कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यात खातं बदलून मागितलं, डबे भरायच्या कामाला, जिथे पैसे कमी होते आणि धूळ नव्हती. मी ट्रेनिंगचा अर्ज बाईंच्या घरी बसून लिहिला. कोणी लिहिला आणि तिला काय हवं आहे, दोन्ही त्यात स्पष्ट होतं.